विम्यासाठी लावलेला कौल

अक्काच्या घरात विम्याचे दोन कागद होते आणि दोन्ही मीच नेऊन दिलेले होते. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिताना 'कंपनीने असं केलं', 'साहेबाने तसं केलं' असं लिहायचा मोह होईल. इतकी वर्षं मी तसंच सांगत आलो.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि लग्न होऊन आमच्या बेटावरच्या माएबूर्ग बंदराच्या बाजूला गेली तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली. तिचा नवरा, आमचे दाजी, चुन्याच्या भट्टीवर कामाला. होड्यांतून पोवळ्याचे दगड यायचे, ते भट्टीत भाजले की चुना व्हायचा. संध्याकाळी दाजी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अंघोळ केली तरी कानामागे पांढरं राहायचं. त्या भट्टीच्या मजुरीवर मी रोझ हिलच्या शाळेत शिकलो, इंग्रजी आणि फ्रेंच लिहायला शिकलो आणि अठराव्या वर्षी क्युरपिपला एका विलायती विमा कंपनीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं.

आठवडाभर टेबल आणि शनिवारी हप्ते गोळा करायला बसने हिंडायचं, असं ते काम. मराठी घरं माझ्याकडे दिली होती. आमची माणसं परक्या एजंटाला दारातच उभं करायची. मला मात्र बसायला पाट मिळे, व्हॅनिला घातलेला चहा मिळे, वर परसातले चार फणसाचे गरेही मिळत. मी कागद पुढे करीन तिथे अंगठा उठायचा. काय लिहिलंय असं फार कोणी विचारत नसे. विचारलं तर तो माझा अपमान होईल असं त्यांना वाटे.

दाजींनी मात्र विचारलं होतं. मी सगळं समजावून दिल्यावर ते म्हणाले, "म्हंजे जित्याला पावती आन् मेल्याला पैसे. धंदा झ्याक हाय, मिसिए."

मिसिए ते मला चिडवायला म्हणत. साहेबाला हाक मारायचा तो शब्द. बूट घालून घरी आलो की हमखास.

मी त्यांना सांगितलं की हा विमा नफ्यासह आहे. कंपनीला जो नफा होतो त्यातला वाटा दर काही वर्षांनी आपल्या रकमेत चढतो आणि एकदा चढला की तो कंपनीला काढून घेता येत नाही. मुदत भरली की सगळं वाढीसकट मिळतं, आणि मधेच माणूस गेला तरी वाढीसकटच मिळतं. अक्काला हे चटकन पटलं. ती म्हणाली, "म्हंजे वासरू पाळल्यासारखं." तेव्हापासून आमच्या घरात त्या बोनसला 'वाढ' हाच शब्द पडला. वाढीचं पत्र आलं की अक्का ते मला मोठ्याने वाचायला लावी, इंग्रजीत सुद्धा, आणि एक अक्षर न समजता मान डोलवी.

साठ साली वादळात त्यांचं छप्पर गेलं. पत्रे उसात सापडले, चुरगाळलेले. त्यानंतर दोन महिन्यांनी अक्काने आपण होऊन दाजींच्या नावावर दुसरा विमा मागितला. पहिल्यापेक्षा मोठा. हप्ता झेपणार नाही असं मीच म्हणालो, कारण तेव्हा मी तिच्याशी खरं बोलत असे. तिने कोंबड्यांची अंडी विकायला सुरुवात केली आणि हप्ता भागवला.

मला सांगायची आहे ती गोष्ट स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षीची. क्युरपिपमध्ये तेव्हा पावसाइतकीच भीती असायची. पैसेवाले पैसे बाहेर पाठवत होते, कोणी ऑस्ट्रेलियाला निघालं होतं, लाबुतिकच्या म्हणजे दुकानाच्या फळीशी उभं राहून लोक उद्या तांदूळ मिळेल का यावर बोलत. आमच्या कंपनीनेही गाशा गुंडाळायचं ठरवलं. इथला कारभार दुसऱ्या एका कंपनीकडे जायचा होता. त्याआधी विलायतेहून सगळ्या विमेदारांना एक पत्र आलं: तुमचा नफ्यासहचा कागद आम्हाला परत द्या, त्याबदल्यात आज एकरकमी पैसे घ्या. ती रक्कम मधेच विमा मोडला तर मिळते त्यापेक्षा बरी होती. पण मुदत भरल्यावर किंवा मरणानंतर जे मिळालं असतं त्याच्या आसपासही नव्हती. सही केली की पुढचा हप्ता संपला, पुढची वाढ संपली आणि कंपनीची जबाबदारीही संपली. उत्तराला महिन्याअखेरपर्यंतची मुदत.

आमचा साहेब गोरा, पण इथल्याच मातीतला. त्याने भिंतीवर एक कागद लावला. त्यावर आम्हा तीन क्लार्कांची नावं आणि प्रत्येकासमोर रिकामी जागा, परत आलेल्या कागदांचा आकडा मांडायला. नवी कंपनी दोनच क्लार्क ठेवील, एवढंच तो म्हणाला. तिसऱ्याचं काय, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझी दोन मुलं तेव्हा लहान होती. बायकोला क्युरपिपच्या थंडीत दमा होई. भाड्याचं घर होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला रोज सांगत होतो आणि ती खोटी नव्हती.

त्या कागदावर नाव नसलेला एक म्हातारा क्लार्कही ऑफिसात होता, सगळे त्याला तोंतों म्हणजे काका म्हणत. तो लवकरच निवृत्त व्हायचा होता, म्हणून तो मोकळा बोले. दुपारी डबा खाताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. धडधाकट माणसाने हे पैसे घेतले तर घेवोत बापडे. पण जो खोकतो त्याने कागद सोडू नये, काही झालं तरी. कंपनीला नेमके खोकणारेच आधी हवे असतात. मग भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत तो म्हणाला, हे मी बोललो नाही आणि तू ऐकलं नाहीस.

मी ऐकलं होतं.

माझ्याकडची बरीचशी मराठी घरं अजून गप्प होती. मी शनिवारी गेलो की म्हणत, दाजी काय करतात ते बघू. दाजी त्या भागातल्या देवळाची पूजा बघत, त्यामुळे त्यांनी केलं की सगळे करणार. म्हणजे भिंतीवरची माझी जागा दाजींच्या सहीने भरायची होती. त्यांच्या एकट्याच्या नाही, पण त्यांच्यापासून.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते. बोलताना दर वाक्यानंतर थांबायचे, खोकायचे, मग उरलेलं बोलायचे. भट्टी त्यांनी तोवर सोडली होती, म्हणजे मुकादमाने सोडवली होती. मी पत्र वाचून दाखवलं. नवी कंपनी कशी असेल कोण जाणे, वाढ मिळेल न मिळेल, उद्या नाण्याचीच किंमत उतरली तर, हे सगळं सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. ऑफिसात आम्हाला तसंच सांगायला शिकवलं होतं.

अक्का तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने मला विचारलं, "ह्यांचा खोकला ऐकतोयस न्हवं तू?"

थंडीत कोणाला खोकला होत नाही, असं काहीतरी मी बोललो.

"आन् तुजा सोताचा कागद? तू सही केलीस?"

माझाही एक विमा होता, त्याच कंपनीचा, नफ्यासहच. तो माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मी सही केलेली नव्हती. करायचा विचारही नव्हता.

"केली," मी म्हणालो.

तिने पुन्हा सूप उचललं. पण तिला पटलेलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, मी खोटं बोललो की तिला माझ्या मानेवरून कळायचं. ती दाजींना म्हणाली, आपण थांबू, काय घाई आहे. दाजी म्हणाले, पोरगं शिकलेलं आहे, त्याला समजतं. पंधराएक मिनिटं दोघांचं असंच चाललं, माझ्याकडे न बघता, जणू मी तिथे नव्हतोच. शेवटी दाजी म्हणाले, "तुजंबी न्हाय आन् माजंबी न्हाय. देवाला इचारू."

आमच्या लोकांनी कोकणातून या बेटावर काय आणलं याची यादी केली तर फार मोठी होणार नाही. ढोलकी आणली, गाऱ्हाणं आणलं आणि कौल आणला. गावांची नावं विसरली, पण मोठं काही ठरवायचं तर देवाला विचारून ठरवायचं, हे राहिलं. उसाच्या बांधाला बदामाच्या झाडाखाली आमचं देऊळ होतं, पत्र्याचं. आत काळा दगड, त्याला चांदीचे डोळे. कौल लावायचा तो असा: दगड धुवायचा, मग त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एक एक ओली कळी चिकटवायची, आणि गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. मुलीचं स्थळ, जमीन, होडी विकत घेणं, सगळं असंच ठरे. लोक निमूट ऐकत. देवाने उजवा दिला म्हटल्यावर पुढे जे होईल त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नसे.

एरवी कळ्या दाजीच लावत. पण ज्याचं विचारणं त्याने कळी लावायची नाही, असा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात अक्का होती, शेजारची चारपाच घरची माणसं होती, ज्यांचे कागद माझ्या पिशवीत सहीसाठी तयार होते. दाजींनी आजूबाजूला बघितलं आणि मला म्हणाले, "मिसिए, बूट काढा आन् तुमीच लावा. तुमचा हात कागदाचा हाय, थरथरनार न्हाय." लोक हसले. मीही हसलो.

मी कौलावर विश्वास ठेवत नव्हतो. हे मी पुढे अनेक वर्षं स्वतःला समजावत आलो, की जो मानतच नाही त्याने काय बिघडवलं. पण ज्या माणसाचा विश्वास नव्हता त्याने दोन्ही कळ्या सारख्याच लावल्या असत्या. मी उजवी कळी तांब्यातल्या पाण्यात बुडवली. डावी मी सहाणेवरच्या गंधात फिरवली, घट्ट गंधात, आणि अंगठ्याने दाबली. मला वाटतं तीन श्वास लागले असतील. माझी पाठ लोकांकडे होती.

दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं. मधेमधे खोकत होते. बा देवा महाराजा, ह्यो कागद, हे कंपनीचं बोलणं, तुला समदं ठावं हाय, म्हणत. मागून सगळे होय महाराजा म्हणत होते. मीही म्हणत होतो. अजून गाऱ्हाणं संपलं नव्हतं तोच उजवी कळी घसरली आणि दगडाच्या पायाशी पडली.

अक्का त्या कळीकडे बघत राहिली. मग तिने हात जोडले, दगडापुढे डोकं टेकलं आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "आण तुजे कागद." तिच्या मनातला सगळा विरोध गेलेला दिसत होता. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या घरांचे कागद मला मिळाले. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती जड नव्हती.

मला नव्या कंपनीत घेतलं. माझ्याबरोबर आणखी एक क्लार्क राहिला, मुस्लिम. तिसऱ्याला काढलं. तो भला माणूस होता, त्याचीही दोन मुलं होती. त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण मग हे थांबणार नाही.

अक्काने आलेल्या पैशातून सिमेंटची एक खोली बांधली. वादळात टिकेल अशी. दाजी त्या खोलीत आठ महिने राहिले. पुढच्या थंडीत, स्वातंत्र्याचे झेंडे अजून दुकानांवर होते, माएबूर्गच्या इस्पितळात ते गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन फ्रेंचमध्ये जे सांगितलं ते मी अक्काला मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दिवस झाल्यावर ती एकटी क्युरपिपला आली. आमच्या ऑफिसात ती कधी आली नव्हती. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, डोक्यावर पदर, पायात त्या लाल मातीने भरलेल्या चपला, आणि इतर गिऱ्हाइकांसारखी रांगेत थांबली. माझ्यापाशी आल्यावर तिने हळू विचारलं की त्यातलं काही उरलंय का, कुठे काही बाकी राहिलंय का. मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. कागद ठेवले असते तर त्या दिवशी तिला काय मिळालं असतं, हे मी आदल्याच दिवशी मोजून पाहिलं होतं. तो आकडा लिहिलेला कागद समोर टेबलावरच होता. मी त्यावर हात ठेवला.

माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "तू काय करनार? देवानं उजवा दिला हुता."

हे वाक्य ती मला धीर द्यायला बोलली.

त्यानंतर ती उसात खुरपणीला जाऊ लागली, बायकांच्या टोळीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी दरमहा काही पाठवत होतो, ती त्यातलं निम्मं माझ्या मुलांच्या नावाने परत आणायची. ते सोसण्यासारखं होतं. जे मला सोसवलं नाही ते वेगळंच होतं. अक्काने देऊळ सोडलं. गणपतीच्या दिवसांत बाया बोलवायला आल्या तर ही परसात कोंबड्यांत बसून राही. कोणी विचारलं तर म्हणे, मी त्याला विचारलं होतं, त्याने मला खोटं सांगितलं. शेजारणीच्या नातीच्या लग्नाला कौल लावायचं निघालं तेव्हा ती उठून घराबाहेर गेली. माझ्यासमोर ती देवाला शिव्या द्यायची आणि मी चहा पीत ऐकायचो. अक्काला पाठबळ होतं ते त्या देवाचं एकट्याचं.

माझा स्वतःचा विमा गेल्या वर्षी मुदत भरून मिळाला. नव्या कंपनीने तो व्यवस्थित चालवला होता, वाढ प्रत्येक वेळी चढली होती. सगळी भीती फुकट होती. मी त्या पैशाचं पाकीट घेऊन अक्काकडे गेलो. ते घे म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं, आणि माझ्याकडे खरं सोडून दुसरं काही उरलं नव्हतं.

सकाळचे दहा वाजले असतील. ती ओट्यावर पालेभाजी निवडत होती. मी बूट काढले आणि जमिनीवर बसलो आणि सांगितलं. गंधाचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, खणातल्या कागदाचं सांगितलं, तोंतोंने काय म्हटलं होतं तेही. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

मग तिने विचारलं की त्या दिवशी ज्यांनी सह्या केल्या त्यांतले किती जण उरलेत. मी म्हणालो, तीन.

"त्यांला सांगू नकोस," ती म्हणाली. "देवानं दिलं म्हनून त्यांनी गिळलंय. तू दिलंस हे त्यांला गिळायचं न्हाय."

मी होय म्हणालो. म्हणूनच इथे कोणाचं नाव नाही, अक्काच्या गावाचंही नाही. तरी हे लिहून मी तिचा शब्द थोडा मोडलाच आहे.

पाकिटाकडे तिने पाहिलं नाही. भाजी टोपलीत टाकली, देठ कोंबड्यांना फेकले. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या हिशेबात काहीतरी राहून गेलंय आणि ते आता सापडणार नाही, अशी ती माझ्याकडे बघत होती.

"मग त्याच्या मनात काय हुतं?" तिने विचारलं.

"कोणाच्या?"

"देवाच्या. तू हात लावला नसतास तर त्यानं काय दिलं असतं? डावा?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालो. सारख्या लावल्या असत्या तर कुठली पडली असती हे कोणालाच सांगता येणार नाही, अक्का.

"म्हंजे मी ज्याला इतकी वर्सं बोल लावला," ती म्हणाली, "त्याला मी इचारलंच न्हवतं."

ती आत गेली. मी पाकीट ओट्यावर ठेवलं होतं. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने ते उचललं, माझ्या बुटात खोचलं आणि पुन्हा आत गेली. मी बूट हातात घेऊन अंगणात बराच वेळ उभा होतो.